अडोर्नोच्या कानांनी शूबर्ट ऐकायचा कसा?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ‘अडोर्नोचा शूबर्टवरचा लेख वाचला. त्यात स्फटिक आहेत, ज्वालामुखी आहे, अश्रू आहेत. पण ऐकताना त्याचं करायचं काय?’ तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सुरांपाशीच जाऊ.

लेखाबद्दल आधी थोडंसं. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नोने तो १९२८ साली, ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या मृत्यूला शंभर वर्षं होत असताना लिहिला. तेव्हा तो पंचविशीत होता आणि व्हिएन्नात संगीतकार आल्बान बेर्गकडे संगीतरचना शिकून आलेला होता. शूबर्टच्या धुना जोडून केलेली एक ऑपेरेटा (हलकंफुलकं संगीतनाटक) १९१६पासून गाजत होती, आणि गोड चालींचा भोळा शूबर्ट लोकांच्या मनात पक्का बसला होता. अडोर्नोचं म्हणणं वेगळंच: हे संगीत म्हणजे कुणाच्या मनातल्या भावनांची नोंद नव्हे, तो एक भूप्रदेश आहे. त्यात वाटसरू गोल फिरतो. केंद्रापासून प्रत्येक जागा सारख्याच अंतरावर असते, म्हणून कितीही चाललं तरी पुढे सरकणं होत नाही. बदलतो तो प्रकाश.

हे तपासायला ‘विंटररायझे’ या १८२७च्या गीतमालेतलं पहिलं गाणं घ्या. कविता विल्हेल्म म्युलरच्या, एकूण गाणी २४. पहिल्यात प्रियकर रात्री घर सोडून निघतो आणि पियानोत एकसारखी पावलं पडत राहतात. पहिली दोन कडवी एकाच चालीत, तिसऱ्यात थोडा फरक. चौथ्याच्या तोंडाशी मात्र मायनर या उदास छटेच्या स्वरमालेचं उजळ मेजर होतं, म्हणजे डी हा आधारस्वर तोच राहतो आणि एफ अर्ध्या पायरीने वर जातो. ‘तुझं स्वप्न मोडणार नाही’ हे शब्द इथे येतात. पुष्कळ जणांना इथे आशा ऐकू येते. पण पावलं जराही बदललेली नसतात, आणि शेवटची ओळ पुन्हा म्हणताना गाणं मायनरमध्ये परततं. जागा तीच होती, तिच्यावर क्षणभर उजेड पडला होता.

आता मोठा नमुना: सप्टेंबर १८२८मधला बी-फ्लॅट मेजर सोनाटा (एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना), डॉइचने केलेल्या शूबर्टच्या रचनांच्या यादीत क्रमांक ९६०. दोन महिन्यांनी शूबर्ट गेला, वय ३१. यातल्या पहिल्या भागाची सुरुवात शांत, एखाद्या प्रार्थनेसारखी. आठव्या बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) डावा हात पियानोच्या अगदी खालच्या टोकाला जी-फ्लॅटवर हलकासा ट्रिल, म्हणजे दोन शेजारचे सूर भराभर आलटूनपालटून, वाजवतो. ‘मृत्यूची चाहूल’ म्हणून तो सोडून देतात आणि तिथेच ऐकणं थांबतं. तो सूर धरून ठेवा. विसाव्या बारला पहिली धून त्याच जी-फ्लॅटमध्ये जाऊन बसते. पुढे दुसरी धून एफ-शार्प मायनरमध्ये येते, आणि पियानोवर एफ-शार्प व जी-फ्लॅट ही एकच पट्टी. बेथोव्हेनची कल्पना बीजासारखी रुजून वाढते. शूबर्टची स्फटिकासारखी असते, फिरवली की दुसरा पैलू चमकतो. अडोर्नोच्या लेखातली ही मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट.

याच पहिल्या भागाच्या तीन खंडांपैकी मधल्याच्या शेवटाकडे आणखी एक जागा आहे, तिच्यासाठी हा भाग पुन्हा पुन्हा ऐकावा. संगीत डी मायनरमध्ये विसावतं आणि सुरुवातीची धून अगदी हळू आठवल्यासारखी येते. मध्येच ती बी-फ्लॅटमध्ये, म्हणजे स्वतःच्या घरच्या सुरात, सरकते आणि पुन्हा डी मायनरकडे वळते. घर वाटेवरून दिसलं आणि मागे पडलं. खरं परतणं त्यानंतर येतं. गोल फिरणं म्हणजे काय, हे इथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ध्वनिमुद्रण निवडताना एक चूक होते. पहिल्या खंडाच्या शेवटी सुरुवातीकडे परत नेणारे नऊ बार आहेत, आणि अख्ख्या भागात ट्रिल पूर्ण जोरात वाजतो तो फक्त तिथे. पहिल्या खंडाची पुनरावृत्ती गाळली की हे बारही जातात. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल ती गाळत असे. स्व्यातोस्लाव रिख्टर घेतो, तेही फार संथ लयीत. अडोर्नोचं म्हणणं पडताळायचं तर रिख्टर लावा. कंटाळा येईल असं वाटलं तरी पुढे ढकलू नका. आपल्याकडच्या श्रोत्याला धून परतली की ख्यालातला मुखडा आठवतो. पण मुखड्याला समेची ओढ असते, इथे गाठायची अशी सम नाही.

अडोर्नो एका बाबतीत ताणतो. शूबर्ट कल्पना वाढवतच नाही, हे सरसकट खरं नाही. १८२२च्या ‘वांडरर’ फँटसी या पियानोरचनेत चारही भाग एकाच लयबद्ध खुणेतून (एक लांब, दोन आखूड) उभे केले आहेत, आणि शेवटच्या भागाची सुरुवात चक्क फ्यूगसारखी आहे, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलतात. तिथे वाटसरू नक्की कुठेतरी पोहोचतो.

अश्रूंचं मात्र त्याचं अगदी बरोबर आहे. तो म्हणतो, या संगीतापुढे डोळ्यांतून पाणी येतं ते मनाला न विचारता. म्हणूनच आजारपण, एकटेपण, अकाली मरण अशी कारणं जोडत ऐकणं नको. ‘विंटररायझे’चं शेवटचं गाणं काहीही माहीत करून न घेता ऐका. डाव्या हातात तीच दोन स्वरांची पोकळ जोडी अखेरपर्यंत घुमत राहते. बर्फावर अनवाणी म्हातारा आपल्या वाद्याचा दांडा फिरवत ते वाजवतोय, थाळी रिकामी, ऐकणारं कुणी नाही. वाटसरू त्याला विचारतो, तुझ्याबरोबर येऊ का, माझ्या गाण्यांना साथ देशील का? पियानो तीच जोडी वाजवतो आणि थांबतो.