बैठ्या कामावरचं इंजिन

उभी हयात फिरतीच्या नोकरीत काढलेल्या माणसाला अचानक टेबलापाशी बसवलं, की तो आधी आजारी पडतो. ट्रकमधून उतरवून लाकूड चिरणाऱ्या आरा मशीनला जुंपलेल्या इंजिनाचंही तसंच होतं. बरं, काम काही वाढलेलं नसतं. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा बिजासन घाट भरल्या गाडीनिशी चढणाऱ्या इंजिनाला एक करवत फिरवणं म्हणजे काय मोठं? तरी ते तापतं, धुरकटतं, धापा टाकतं, आणि मालक इंजिन विकणाऱ्या कबाडीच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, नावाने बोटं मोडत बसतो.

आमच्या मामांची इंदुरात आरा मशीन होती. मोटर होती, पण मोटरला लागते लाइट, आणि लाइटचं तेव्हा काही खरं नसे. मध्य प्रदेशातली २००३ ची निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ यावर लढली गेली. यावरून अंदाज करा. नवा डिझेल सेट परवडत नव्हता. तेव्हा मामांनी एका ठोकलेल्या मिनी ट्रकचं इंजिन गिअरबॉक्ससकट घेतलं. (इंजिनाचा नंबर आणि गाडीचं आरसी (नोंदणीपत्र) रद्द झाल्याचा कागद तेवढा जुळवून घ्यावा. नाहीतर लोखंडासोबत पोलीस चौकीही घरी येते.)

ते बसवायला आलेले उस्ताद अस्सल इंदुरी. इंजिनाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “भिया, गाडी में दो चीज फोकट की थी. एक हवा, दूसरा डिरेवर का पैर. अब दोनों के पैसे लगेंगे.” इंजिनांवर ऐकलेलं इतकं नेमकं वाक्य मला तरी दुसरं आठवत नाही.

आधी हवा. रस्त्यावर गाडीच्या वेगानेच रेडिएटरवर वारा आपटत असतो, पंखा आपला मदतीला. शेडमध्ये वारा नाही, वर भुसा. बाभळीचा ओलसर भुसा पंखा स्वतःच ओढून रेडिएटरच्या जाळीत भरतो, आणि दुपारपर्यंत जाळीतून पलीकडचं दिसेनासं होतं. काडीने टोकरावं तर पत्रे वाकतात, पाण्याने धुवावं तर भुसा फुगून आणखी घट्ट बसतो. उस्तादांनी रेडिएटर काढूनच टाकला. मामा म्हणाले, ड्रम ठेवू या पाण्याचा. पण डिझेल इंजिन शाफ्टवर जेवढी ताकद देतं, जवळपास तेवढीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात सोडतं. पंचवीस हॉर्सपॉवर ओढायची तर २०० लिटरचा ड्रम अर्ध्या-पाऊण तासात कढायला लागेल. म्हणून मग भिंतीला लागून सिमेंटचा हौद बांधला गेला. गरम पाणी वरून हौदात पडायचं, गार पाणी तळातून इंजिनात जायचं. त्या हौदावर हिवाळ्यात अख्ख्या गल्लीच्या आंघोळी होत, हा इंजिनाचा उपपदार्थ. इंजिनाला श्वास घ्यायलाही स्वच्छ हवा हवीच. तो पाइप भिंतीतून बाहेर काढला. सायलेन्सरही बाहेर, तोंड भुशाच्या ढिगापासून दूर. एक ठिणगी पडली तर वखारीचं काय होईल ते सांगायला नको.

आता पाय. खरी मेख इथे आहे. घाट आला की ड्रायव्हर पाय दाबतो, उतार लागला की उचलतो. आरा मशीनवर घाट-उतार मिनिटामिनिटाला येतात. करवत ओंडक्यात शिरली की सगळा भार एकदम. मध्ये गाठ लागली की आणखी. ओंडका संपला की शून्य. बरेच लोक एक्सिलरेटरची वायर खिळ्याला बांधून मोकळे होतात. मग करवत लाकडात असताना इंजिन रडतं, आणि लाकडातून सुटली रे सुटली की असं किंचाळतं की कामगार लांब पळतात. इंजिनाकडून करवतीकडे जाणारा पट्टा उडाला तर तो कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही.

तुम्ही म्हणाल, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपात गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, असतोच की. असतो, पण मोठ्या गाड्यांच्या बऱ्याच पंपांतला गव्हर्नर दोनच गोष्टी सांभाळतो: रिकामं इंजिन बंद पडू नये आणि कमाल वेगाच्या वर जाऊ नये. मधला सगळा कारभार ड्रायव्हरच्या पायाकडे. ट्रॅक्टरच्या गव्हर्नरची जात वेगळी. त्याला एकदा वेग ठरवून दिला की नांगर रुतो नाहीतर सुटो, तो तेवढाच वेग धरून बसतो. उस्तादांनी पंप उतरवून असे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेला आणि ती जात बसवून आणली. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला, तीही युक्ती पवनचक्कीवाल्यांकडून उचललेली. या पंपातही तत्त्व तेच: वेग वाढला की फिरती वजनं बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. मी इंजिनाशेजारी उभा राहून पहिला ओंडका आत जाताना ऐकलं. आवाज जाड झाला, पण फेरे पडले नाहीत. कुणीही कशाला हात लावलेला नव्हता.

गिअरबॉक्स काढायचा की ठेवायचा, यावर मामा आणि उस्ताद यांची दोन दिवस जुंपली. मामांना वाटे, उगाच वजन. उस्तादांचं म्हणणं, क्लच हवाच, म्हणजे इंजिन रिकामं चालू करता येतं. आणि या गिअरबॉक्सच्या टॉप गिअरमध्ये ताकद दातांवरून न जाता सरळ आरपार जाते, मग झीज कसली? उस्ताद बरोबर होते. पुली मात्र त्यांनी गिअरबॉक्सवर लावू दिली नाही. पट्टा आडवा ओढतो, ती ओढ गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. पुलीला तिचा स्वतःचा शाफ्ट, दोन्ही बाजूंना प्लमर ब्लॉक (बेअरिंगची बैठक), आणि गिअरबॉक्स व त्या शाफ्टच्या मध्ये गाडीचाच प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा दांडा.

हिशेब मला आवडला तो वेगाचा. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर, त्याची पुली १० इंची, मशीनची ३० इंची. करवत म्हणजे चाकांवरून फिरणारी दातेरी पट्टी, तिचं चाक ५०० फेऱ्यांवर. चाक ३६ इंची, त्याचा घेर सुमारे ९.४ फूट. करवतीचे दाते मिनिटाला ४७०० फूट, म्हणजे ताशी ८६ किलोमीटर धावतात. पट्टा थोडा घसरतो, तेवढे वजा करा. या ट्रकने एबी (आग्रा-मुंबई) रोडवर भरल्या मालानिशी एवढा वेग कधी पाहिला असेल असं वाटत नाही.

आता लाइट सुधारली आहे. आरा मशीनचा परवाना ‘मध्य प्रदेश काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम, १९८४’ खाली लागतो, तो वारसाने मामेभावाच्या नावावर झाला आहे आणि रोजचं काम मोटरच करते. इंजिन आपलं कोपऱ्यात तयार. पण पंचवीस हॉर्सपॉवरला तासाला पाच-साडेपाच लिटर डिझेल, आणि लिटरचा भाव नव्वदच्या वर. विजेच्या दुपटी-तिपटीने खर्च. त्यामुळे करवत अर्ध्या ओंडक्यात असताना लाइट गेली, की कामगार चिरेत पाचर ठोकून पट्टी मोकळी करतो आणि मामेभावाकडे बघतो. भाऊ सबस्टेशनला फोन लावतो. अर्ध्या तासात येते म्हणाले, तर तो इंजिनाकडे वळूनही बघत नाही, सगळ्यांसाठी कट चहा सांगतो. डिझेलपेक्षा तो केव्हाही स्वस्त पडतो.