डोरेमॉन इंग्रजीत हवा होता

ताईची मागणी साधी होती. भाचा रोज हिंदी डोरेमॉन बघतो, मराठीत बोलता बोलता मध्येच ‘मेरी मदद करो’ सुरू होतं. तर मामाने वाढदिवसाला त्याच डोरेमॉनचं इंग्रजी पुस्तक आणावं, म्हणजे पोरगं निदान वाचायला तरी लागेल. मी लगेच होकार दिला. दहा वर्षं मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचतोय, मला काय अवघड?

पण मला सवय लागली होती ती ‘वन पीस’ या मांगाची. त्याचं नवं प्रकरण रविवारी रात्री साडेआठला इंग्रजीत फोनवर हजर होतं. तिकडे जपानात तेव्हा सोमवार सुरू होत असतो. शुएशा या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये ‘मांगा प्लस’ हे ॲप सुरू केलं, त्यावर सुरुवातीची आणि ताजी तीन-तीन प्रकरणं फुकट वाचता येतात. त्याआधी चाहत्यांनी स्कॅन करून, भाषांतर करून नेटवर टाकलेली पानं आम्ही वाचायचो. चोरीचाच माल तो, खोटं कशाला बोला. मुद्दा असा की इंग्रजीत हवं ते मिळतं, हे मी गृहीतच धरलं होतं.

अप्पा बळवंत चौकात दोन दुकानं पालथी घातली. मग कॅम्पात गेलो. तिथे मांगाचं अख्खं कपाट होतं: ‘नारुतो’, ‘डीमन स्लेअर’, ‘जुजुत्सु कायसेन’. डोरेमॉन म्हटल्यावर काउंटरवरचे काका म्हणाले, “रंगवायची वही आहे, देऊ?”

घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा भानगड कळली. मांगाच्या इंग्रजी आवृत्तीचे हक्क एकगठ्ठा विकले जात नाहीत. छापील पुस्तकाचे वेगळे, डिजिटलचे वेगळे, टीव्हीचे वेगळे, आणि तेही प्रदेशानुसार. डोरेमॉन जपानात १९६९ च्या अखेरीस शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मुलांच्या मासिकांत सुरू झाला, त्याचे ४५ खंड निघाले. इंग्रजी डिजिटल आवृत्ती मात्र निघाली २०१३ मध्ये, आणि ती उत्तर अमेरिकेसाठी. अमेरिकेतल्या टीव्हीवर तो २०१४ मध्ये पोचला. आपल्याकडे तो २००५ पासून ठाण मांडून आहे! हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला, पण पुस्तकाचा पत्ता नव्हताच.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला चुलतभाऊ असतो. त्याला म्हटलं, “दादा, तुझ्या खात्यावर एक खंड घे.” त्याने घेतला, पण तो इकडे पाठवायचा कसा? शेवटी व्हिडिओ कॉलवर त्याने टॅबलेट कॅमेऱ्यासमोर धरला आणि आम्ही मामा-भाचे वाचायला बसलो. अमेरिकी मुलांसाठी नोबिताचा ‘नोबी’ झालेला, शिझुकाची ‘स्यू’, सुनिओचा ‘स्नीच’ आणि जियानचा ‘बिग जी’. दोन पानांत भाच्याने निकाल दिला, “मामा, हे डुप्लिकेट आहे.”

मला हसू आलं. टीव्हीवाल्यांनी आपल्यासाठी डोरेमॉनच्या आवडत्या दोरायाकी या गोड पदार्थाचा ‘डोराकेक’ केला, ते याला चालतं. पण लहानपणी कानावर पडलेलं नाव तेच खरं, त्याला इलाज नाही. अमेरिकेतल्या पोरांना ‘नोबिता’ डुप्लिकेट वाटत असणार.

वाढदिवस झाला. मी बॅट देऊन वेळ मारून नेली.

मार्ग दाखवला ऑफिसातल्या जपानी शिकणाऱ्या मैत्रिणीने. शोगाकुकाननेच २००२ पासून डोरेमॉनचे दहा द्वैभाषिक खंड काढले होते, इंग्रजी आणि जपानी एकत्र. तिच्या ओळखीचं कोणीतरी तोक्योहून येणार होतं. तीन महिने आणि बरेच निरोप खर्ची पडल्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानातले दोन खंड हातात आले. पहिला आणि चौथा. मधले दोन मिळालेच नाहीत. एकेका गोष्टीत संपणारं पुस्तक, बिघडलं काही नाही.

भाच्याने इंग्रजी किती वाचलं ते ताईला विचारा. त्याचं लक्ष जपानीवर. मैत्रिणीने त्याला नोबिताचं नाव कसं लिहितात ते दाखवलं: ‘नो’ आणि ‘बि’ हिरागाना या साध्या उच्चारलिपीत, ‘ता’ मात्र कांजीत, म्हणजे चिनी चिन्हात. सध्या त्याच्या गणिताच्या वहीवर, नावाच्या जागी, तीच तीन अक्षरं आहेत. बाईंनी ताईला भेटायला बोलावलंय.