तोंडात पिल्लं घेऊन उपाशी

गोव्याचं पाणी निळंशार नसतं, हे मी बोटीतच सांगून टाकतो. मुरगावसमोरच्या ग्रँड आयलंडला आम्ही डायव्हिंगला नेतो, पण शेजारीच जुवारी नदीचं मुख, त्यामुळे गाळ कायमचा. चार-पाच मीटरवरचं स्वच्छ दिसलं तरी दिवस सत्कारणी लागला समजायचं. त्यामुळे मी दूरचं दाखवण्याच्या फंदात न पडता लोकांना कपारीत डोकवायला लावतो.

त्या दिवशी कोल्हापूरच्या एक ताई आणि त्यांचा कॉलेजातला भाचा होता. भाच्याला कासव हवं होतं. ताईंना काहीही चालणार होतं, फक्त सुखरूप वर यायचं होतं!

सात-आठ मीटर खोलीवर एका खडकाखाली टॉर्च मारला. आत बोटभर लांबीचे, अंगावर आडवे काळसर पट्टे असलेले कार्डिनल मासे स्थिर तरंगत होते. पाठीवर दोन सुटे पर, आणि डोळे अंगाच्या मानाने भलतेच मोठे. दिवसभर हे कपारीतून हलत नाहीत. अंधार पडला की बाहेर येऊन पाण्यातले बारीक जीव टिपतात. तीनशेहून अधिक जाती आहेत यांच्या, पण कपारीत लपून राहणाऱ्याकडे बघतो कोण?

त्यातल्या एकाचा जबडा खाली फुगलेला दिसला आणि मी हाताने थांबायची खूण केली. हा नर. मादीने घातलेल्या अंड्यांचा चिकट गोळा तो तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत सांभाळतो. तोवर जेवण जवळजवळ बंद. आम्ही श्वास संथ करून थांबलो. थोड्या वेळाने त्याने तोंड उघडलं, गोळा ओठांपर्यंत पुढे ढकलला, फिरवून पुन्हा आत ओढला. आतल्या अंड्यांनाही ताजं पाणी लागतं ना! त्या क्षणात मला स्वच्छ दिसलं: अंड्यांत चंदेरी ठिपके चमकत होते. पिल्लांचे डोळे. म्हणजे फार दिवस उरले नव्हते.

भाचा कॅमेऱ्याचा लाइट पूर्ण करून पुढे सरसावला. मी सरळ तळहात लेन्सवर ठेवला. फार छळलं तर हा नर अंडी थुंकून टाकतो. कधी कधी तर सगळी गिळूनही बसतो. आपलीच पोरं खाणं वाईट दिसतं खरं, पण सगळा खटाटोप फुकट जाणार असेल तर तेवढंच पोटात पडतं. हे पाण्याखाली खुणांनी कसं समजवायचं? भाचा रुसला. ताई मात्र हलायलाच तयार नव्हत्या. त्यांच्या टाकीतली हवा शंभर बारवर, म्हणजे साधारण अर्ध्यावर आली तेव्हा मीच खांद्याला हात लावला.

बोटीत आल्यावर मास्क काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "दादा, मग आई काय करते?"

"पुढची अंडी तयार करते."

"बघा! म्हणजे तिलाही सुट्टी नाहीच."

नाखवा हसला. म्हणाला, ही मासळी जाळ्यात आली तर मांजरं खातात, आम्ही नाही.

पिल्लं फुटली की प्रवाहाबरोबर उघड्या पाण्यात जातात. ती परत कुठे येतात, याचं ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवरचं एक संशोधन मला फार आवडतं. 2007 साली ते प्रसिद्ध झालं. तिथल्या अशाच पट्टेरी कार्डिनल माशाच्या पिल्लांना वेगवेगळ्या प्रवाळखडकांजवळचं पाणी दिलं, तर ती घरच्या पाण्याकडे वळली. वासावरून! आमच्या गाळातही असंच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ताईंना तेवढी गोष्ट सांगितली.

भाच्याला दुसऱ्या डाइव्हमध्येही कासव दिसलं नाही. कपारीतल्या त्या नराचा फोटोही नाही. परतताना बायणा किनाऱ्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, आणि ताई नाखव्याला त्या माशाची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत बसल्या.