ब्लॅकबर्न रोव्हर्सची वही: कापसाचा भाग पूर्ण, पोलादाचा अर्धा

या खेपेला वही बरीच पुढे सरकली. १८७५ ते १९२८ पक्कं लिहून झालं, लीगमधल्या स्थानांचा आलेख १९३९ पर्यंत रंगवून झाला आणि पोलादवाल्या जॅक वॉकरचं प्रकरण निम्मं उतरलंय. मधली पन्नास वर्षं अजून टाचणांतच पडून आहेत, त्यांचं खाली सांगतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: जुने इंग्लिश फुटबॉल क्लब आपसांत वाटून घ्यायचे आणि ज्याने त्याने आपल्या क्लबचा इतिहास हंगामवार मराठीत लिहायचा, हा आपला उद्योग. ब्लॅकबर्न मी मागून घेतलं. क्लब लँकेशायरचा आणि मालक पुण्याचे (२०१० पासून कोंबडीवाले वेंकीज), मग सोडणार कोण? मी प्रत्येक पानाच्या समासात एक रकाना आखलाय: ‘पैसा कुणाचा’. सुरुवातीला तो गंमत म्हणून होता. आता निकालांच्या रकान्याआधी तोच भरतो, कारण या क्लबची गोष्ट त्या रकान्यातूनच कळते.

पहिलं पान तसं साधं आहे. नोव्हेंबर १८७५ मध्ये गावातल्या सेंट लेजर हॉटेलात बैठक झाली. पुढाकार जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन यांचा, दोघंही श्रूझबरी शाळेत शिकलेले. म्हणजे रोव्हर्सचा जन्म गिरणीकामगारांच्या चाळीत झालेला नाही, तो खात्यापित्या घरच्या पोरांचा क्लब. पहिला सामना डिसेंबरात चर्च नावाच्या शेजारच्या गावी, १-१. पहिलं मैदान म्हणजे एका शेतकऱ्याचं रान. मधोमध पाण्याचा खड्डा, त्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गवताचे थर अंथरायचे आणि त्यावरून खेळायचं. बाहेरून आलेल्या संघाला हे सांगत असतील का, अशी मला दाट शंका आहे.

पण ही पोरं खेळत होती ते गाव मात्र पुरतं मागाचं. आणि इथे आपला संबंध येतो, २०१० च्या कितीतरी आधी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस यायचा थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि विणकरांच्या घरी चूल पेटेना. त्याच वर्षांत मुंबईत कापसाच्या भावाने सोन्याचा पाऊस पडत होता, कापसाचा सटोडिया प्रेमचंद रायचंदचं नाव घराघरांत झालं आणि १८६५ ला सगळा फुगा फुटला. ब्लॅकबर्नचे कामगार हिंदुस्थानातून येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाला शिव्या घालत, कारण तो मागावर सारखा तुटे आणि मजुरी बुडे. पुढे दिवस पालटले तेव्हा हेच गाव हिंदुस्थानासाठी धोतरं विणण्यात पटाईत झालं. गाठी कलकत्त्याला जायच्या, मुंबईलाही. तेव्हा १९१४ पर्यंतच्या पानांवर ‘पैसा कुणाचा’ या रकान्यात मी बेधडक लिहिलंय: धोतर नेसणाऱ्यांचा.

१८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांना शनिवारी दुपारी दोनला काम थांबवणं भाग पडलं, हेही पहिल्याच प्रकरणात घेतलंय. दुपार मोकळी आणि खिशात आठवड्याची मजुरी. फुटबॉल लँकेशायरात का रुजला याचं मला पटलेलं उत्तर एवढंच आहे.

आता १८८० चं दशक. हे प्रकरण सगळ्यात जास्त वेळा खोडून लिहिलं. १९९५ च्या विजेतेपदावर लोक जीव टाकतात, पण माझ्या मते या गावाची खरी मोठी गोष्ट या दहा वर्षांत आहे. मार्च १८८२ मध्ये रोव्हर्स एफए कपच्या (इंग्लिश फुटबॉल संघटनेची, म्हणजे एफएची, बाद फेऱ्यांची स्पर्धा) अंतिम सामन्यात पोचले. उत्तरेकडून एवढी मजल मारणारा हा पहिलाच संघ. समोर ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेचे माजी विद्यार्थी. रोव्हर्स ०-१ हरले. पुढच्याच वर्षी त्याच ओव्हल मैदानावर त्याच इटोनियन्सना जादा वेळेत २-१ हरवून कप ब्लॅकबर्नला आला, पण रोव्हर्सकडे नाही! तो आणला गावातल्याच दुसऱ्या संघाने, ब्लॅकबर्न ऑलिंपिकने. कप्तान वॉरबर्टन प्लंबर, निर्णायक गोलसाठी चेंडू टाकणारा येट्स विणकर, गोल मारणारा कॉस्टली सूतगिरणीतला. गावातल्या एका लोखंडाच्या कारखानदाराने खर्च उचलला म्हणून सामन्याआधी ही मंडळी काही दिवस ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर नुसता सराव करायला राहू शकली. तेव्हा ‘सरावासाठी मुक्काम’ ही कल्पनाच लोकांना अजब वाटली होती.

ऑलिंपिकसाठी वहीत वेगळी चार पानं ठेवलीत. बारा क्लबांची फुटबॉल लीग १८८८ मध्ये उभी राहिली, तेव्हा एका गावातून एकच क्लब घ्यायचा ठरलं आणि ब्लॅकबर्नची जागा रोव्हर्सला मिळाली. वर्षभरात, १८८९ मध्ये, ऑलिंपिकचा गाशा गुंडाळला गेला. कप जिंकल्यापासून अवघ्या सहा वर्षांत.

रोव्हर्सनी दरम्यान सपाटाच लावला होता. १८८४ ला ग्लासगोच्या क्वीन्स पार्कला २-१, १८८५ ला पुन्हा त्यांनाच २-०, १८८६ ला वेस्ट ब्रॉमविच अल्बियनशी गोलशून्य बरोबरी आणि मग डर्बी गावी फेरसामन्यात २-०. सलग तीन कप, त्याबद्दल एफएने खास चांदीची ढाल दिली. पुढे १८९० ला शेफील्डच्या वेन्सडेला ६-१ चोपलं, त्यात टाउनलीची हॅटट्रिक, कपच्या अंतिम सामन्यातली पहिलीच. हा टाउनली पुढे जर्मनीत जाऊन प्रशिक्षक झाला, बायर्न म्युनिकलाही त्याने शिकवलं. त्याच्यावर कुणाला स्वतंत्र वही करायची असेल तर माझी टाचणं देतो.

या सगळ्यामागे होते स्कॉटलंडहून आणलेले खेळाडू, आणि त्यांना टेबलाखालून मिळणारे पैसे. फर्गस सूटर हा ग्लासगोचा पाथरवट आधी शेजारच्या डार्वेनला आला. इंग्लंडचा दगड फार कठीण म्हणत त्याने छिन्नी ठेवली आणि फुटबॉलवरच राहू लागला. दगड कठीण की फुटबॉलची बिदागी गोड, हे ज्याने त्याने ठरवावं. १८८० मध्ये तो रोव्हर्सकडे गेला आणि दोन्ही गावांत वैर पेटलं. जुलै १८८५ मध्ये एफएने पैसे घेऊन खेळायला रीतसर मान्यता दिली, तोवर लँकेशायरात हे सगळं राजरोस चालूच होतं.

बर्नली लिहिणाऱ्या आपल्या मित्राच्या आग्रहाखातर एक सामना सविस्तर घेतलाय: १२ डिसेंबर १८९१, बर्नलीचं मैदान टर्फ मूर. बर्फ पडतंय, बर्नली ३-० ने पुढे, मध्यंतरानंतर रोव्हर्सचे काही गडी गारठून बाहेर यायलाच तयार नाहीत. उरलेल्यांनी खेळ सुरू केला तर रोव्हर्सचा लॉफ्टहाउस आणि बर्नलीचा कप्तान स्टुअर्ट यांच्यात हाणामारी झाली, पंचांनी दोघांना हाकललं. ते पाहून रोव्हर्सचा अख्खा संघ तरातरा निघून गेला. राहिला एकटा गोलकीपर हर्बी आर्थर. पंचांनी खेळ चालू केला. बर्नलीवाले चेंडू घेऊन आले, आर्थरने ऑफसाइडचं अपील केलं. समोर बचावाला दुसरं कुणीच नाही म्हटल्यावर ऑफसाइड होतंच! फ्री किक त्याला मिळाली. पण चेंडू द्यायचा कुणाला? तो नुसता वेळ काढत उभा राहिला आणि शेवटी पंचांनी सामनाच थांबवला. बर्नलीवाले मित्र म्हणतात ही आमची जीत. मी म्हणतो आर्थरची.

इवूड पार्कवर क्लब १८९० पासून आहे. मैदानाचा नकाशा काढतोय, त्यासाठी आर्चिबाल्ड लीचने आखलेल्या नटॉल स्ट्रीट स्टँडचे फोटो पाहत बसलो होतो. तो स्टँड १९०७ च्या पहिल्या दिवशी खुला झाला. हे बांधकाम, खेळाडूंची खरेदी, सगळ्यामागे अध्यक्ष लॉरेन्स कॉटन, गिरणीमालक, आडनावही कॉटनच. १९१३ मध्ये वेस्ट हॅमकडून डॅनी शी आणायला त्यांनी २,००० पौंड मोजले, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात विलायती कापडाची होळी झाली होती, त्याच सुमाराला इकडे कॉटनसाहेब संघ बांधायला घेत होते. १९११-१२ आणि १९१३-१४ अशी दोन लीग विजेतेपदं आली. दोन्ही संघांचा कप्तान बॉब क्रॉम्प्टन, इंग्लंडसाठी ४१ सामने खेळलेला. १९२८ ला हडर्सफील्डला ३-१ हरवून सहावा कप आला, पहिल्याच मिनिटात रॉस्कॅम्पचा गोल. तिथे कापसाचा भाग संपतो.

आलेखाचं सांगायचं राहिलं. ग्राफ पेपरच्या पट्ट्या एकापुढे एक चिकटवल्यात, आडव्या रेषेवर हंगाम, उभ्या रेषेवर स्थान. पहिल्या विभागाला निळी पेन्सिल, दुसऱ्याला हिरवी, तिसऱ्याला तपकिरी. १८८८ पासून १९३६ पर्यंत सलग निळी रेघ आहे, मध्ये फक्त युद्धाची रिकामी जागा. लीगच्या संस्थापकांपैकी तोवर कधीच खाली न गेलेले दोनच क्लब होते, ॲस्टन व्हिला आणि रोव्हर्स. दोघंही १९३६ मध्ये एकदमच घसरले. त्या रेघेखाली बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: सप्टेंबर १९३१, गांधीजी शेजारच्या डार्वेनमध्ये, गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात. तोवर या भागातल्या गिरण्या भराभर बंद पडत होत्या आणि स्वदेशी हे त्यातलं एक कारण होतं. क्लब खाली गेला त्याचं कारण म्हणून हे लिहिलेलं नाही. दोन तारखा शेजारी असाव्यात एवढंच.

१९३६ ते १९९० मला कंटाळा येतो, स्पष्टच सांगतो. क्रॉम्प्टन मॅनेजर म्हणून परतला, १९३९ मध्ये संघाला वर आणलं आणि १९४१ मध्ये इवूडवरच बर्नलीशी सामना पाहून झाल्यावर हृदयविकाराने गेला, ही गोष्ट जिवाला लागते. १९६० चा कप फायनल वुल्व्जविरुद्ध ०-३, डेव्ह व्हेलनचा पाय मोडलेला, डेरेक डूगनने ऐन सामन्याच्या तोंडावर क्लब सोडण्याचा अर्ज दिलेला. पुढच्याच जानेवारीत खेळाडूंच्या आठवड्याला २० पौंडांच्या पगाराची मर्यादा उठली. मोठ्या शहरांचे क्लब हवा तेवढा पगार देऊ लागले आणि रोव्हर्ससारख्यांची पंचाईत झाली. १९६६ ला दुसरा विभाग, १९७१ ला तिसरा. आलेखात निळ्याचं हिरवं, हिरव्याचं तपकिरी होणार. या काळात समासातला रकाना रिकामा आहे.

मग पोलाद. जॅक वॉकर इथलाच, वडिलांच्या पत्र्याच्या धंद्याचं त्याने भावाबरोबर मोठं साम्राज्य केलं आणि १९८९ मध्ये ते ब्रिटिश स्टीलला तीस कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकलं. १९९१ च्या जानेवारीत क्लब ताब्यात घेतला, ऑक्टोबरात केनी डाल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, १९९२ ला बढती आणि लगेच गोल मारायला ॲलन शिअरर. १९९४ ला ५० लाख पौंडांत ख्रिस सटन. ‘विजेतेपद विकत घेतलं’ ही टीका तेव्हा फार झाली. ती करणाऱ्यांनी लॉरेन्स कॉटनचं पान वाचावं. या गावाने विजेतेपद नेहमी असंच मिळवलंय. फरक इतकाच की कॉटनचा पैसा कापसाचा होता आणि वॉकरचा पोलादाचा.

१४ मे १९९५ चं पान लिहायला मजा आली. लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर शिअररने आघाडी दिली, बार्न्सने बरोबरी केली आणि अगदी शेवटी रेडनॅपच्या फ्री किकवर लिव्हरपूल २-१. तिकडे वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला १-१ वर अडवलं. ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. सामना हरून विजेते झाले, तेही डाल्ग्लिशच्या जुन्या घरी. चारच वर्षांनी, १९९९ ला, संघ खाली गेला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला, २००१ ची बढती आणि २००२ चा लीग कप त्याला पाहता आला नाही. हा उत्तरार्ध अजून लिहायचाय.

पुण्याचं प्रकरण सध्या फक्त आराखडा आहे. नोव्हेंबर २०१०, वेंकीज, सुमारे २.३ कोटी पौंड. महिन्याभरात मॅनेजर सॅम ॲलर्डाइसची गच्छंती, जागी स्टीव्ह कीन. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्स बालेवाडीत पुणे एफसीशी खेळले. ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली, शेवटच्या मिनिटांत अल्काराझने डोक्याने गोल केला आणि प्रीमियर लीग, म्हणजे सर्वांत वरचा स्तर, सुटली. पुढच्या एकाच हंगामात कीन, बर्ग, ॲपलटन असे तीन मॅनेजर आले-गेले. २०१७ ला तिसऱ्या स्तरावर घसरण, २०१८ ला टोनी मोब्रेंच्या हाताखाली परत वर. गावकऱ्यांचा राग मला रास्त वाटतो. पण कितीतरी वर्षांचा तोटा याच मालकांनी भरून काढलाय, हेही त्याच पानावर यायला हवं, नाहीतर माझा रकाना खोटा पडेल.

पुढच्या नोंदीपर्यंत १९६१ ते १९७५ हातावेगळं करायचं ठरवलंय, रोनी क्लेटन आणि ब्रायन डग्लस या खेळाडूंपासून सुरुवात. प्रेस्टनवाल्यांकडे त्या वर्षांतल्या आपल्या डर्बींचे, म्हणजे शेजाऱ्यांमधल्या सामन्यांचे, निकाल असतील तर गोल करणाऱ्यांच्या नावांसकट पाठवा. आणि तपकिरी पेन्सिल संपत आलीय, १९७१ ते ७५ एवढी तरी पुरावी.