ज्युरीची चिठ्ठी

ज्युरी चर्चेला आत गेली की वकिलाच्या हाती वाट बघण्यापलीकडे काही उरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात मी येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात क्लार्कनं बोलावलं. ज्युरीची चिठ्ठी आली होती: ‘मॅनेजरनं हे मुद्दाम केलं, असं सिद्ध व्हायला हवं का?’

आमच्या अशिलाला त्याच ऑफिसात, त्याच कामाला पुरुष सहकाऱ्यापेक्षा कमी पगार होता. दावे दोन होते. १९६३ चा इक्वल पे ॲक्ट हेतू विचारतच नाही. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती जवळपास सारखी, तरी पगार कमी, एवढं आम्ही दाखवलं की पुढचं ओझं कंपनीवर. फरक ज्येष्ठतेमुळे पडला की कामगिरीमुळे की स्त्री-पुरुष असण्याशी संबंध नसलेल्या आणखी कशामुळे, ते तिनं सिद्ध करायचं. दुसऱ्या दाव्यात मात्र, १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टखाली, बाई म्हणून डावललं हे आम्हालाच सिद्ध करायचं होतं.

हा कायदा ज्युरीला समजावणाऱ्या, न्यायाधीशांनी द्यायच्या लेखी सूचनांवर आदल्या दिवशी ज्युरीच्या माघारी तासन् तास वाद झाला होता. ‘त्याचा आधीच्या नोकरीतला पगार जास्त होता’ हे कारण कंपनीला सूचनांत घालायचं होतं. ते न्यायाधीशांनी काढलं; फ्रेस्नोच्या आयलीन रिझो यांच्या खटल्यात २०२० साली नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टानं ती वाट बंद केली आहे. ‘हेतू सिद्ध करण्याची गरज नाही’ हे आमचं वाक्य राहिलं, पण लांबलचक परिच्छेदाच्या पोटात. (माझ्या आईला ज्युरी म्हटलं की नानावटी खटलाच आठवतो. पगाराच्या भांडणालाही ज्युरी बसते, हे तिला अजून पटत नाही.)

समोरचे वकील म्हणाले, ‘सूचना पुन्हा वाचा, एवढंच कळवा.’ मी म्हटलं, वाचूनच विचारताहेत ना! खरं तर मला त्या चिठ्ठीचं कौतुक वाटलं. गोंधळ मनात ठेवून त्यांनी निकाल दिला असता, तर आम्हाला तो कधी कळलाही नसता. न्यायाधीशांनी थोडा विचार करून उत्तर लिहिलं: पहिल्या दाव्यासाठी नाही, दुसऱ्यासाठी हो.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. पहिल्या दाव्यात आमच्या बाजूनं, दुसऱ्यात कंपनीच्या. आता थकलेल्या पगाराइतकीच रक्कम आणखी मिळायची की नाही, हे ठरायचं आहे. आपण प्रामाणिकपणे वागलो असं कंपनीनं पटवलं, तर न्यायाधीश ती नाकारू शकतात. त्याचा लेखी युक्तिवाद सध्या माझ्या टेबलावर आहे.