कर्लीत दोघांनी गरवायचं तर

तारकर्ली-देवबागला सुट्टीवर आलेली जोडपी डॉल्फिन बघतात, स्कूबा करतात, आणि निघायच्या आदल्या दिवशी कुणाला तरी गरवायची, म्हणजे गरीनं मासे धरायची, हुक्की येते. मग पोटभर न्याहारी करून अकराला होडी निघते, ती थेट कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर, जेट-स्कींच्या गदारोळात. तिथं गरीला शिंगाळा मासा लागला तर लागला. कर्लीत मासे आहेत. फक्त ते पाण्याच्या वेळेवर खातात, आपल्या वेळेवर नाही.

म्हणून खोली बुक करण्याआधी कालनिर्णयात तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, मुंबईच्या भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. मालवणकडे पाणी त्याच्या साधारण तासभर आधी चढतं, आणि नदीत जितकं आत जाल तितकं पुन्हा उशिरा. भरतीच्या सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी, तिला सुकती म्हणतात. म्हणजे चतुर्थीला भरती दुपारी दोनच्या सुमारास, सुकती सकाळी पावणेआठला. दोन्ही पक्षांत हाच हिशोब चालतो. अंदाज आहे, पण सुट्टी ठरवायला पुरेसा.

आमचा कौल चतुर्थी ते षष्ठी. सुकती सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते आणि त्यानंतरचे पहिले दोन तास, पाणी आत शिरू लागलं की, सगळ्यात चांगले. तांबोशी (मँग्रोव्ह स्नॅपर) कांदळवनाच्या मुळांकडे सरकते, मागून बोयटी (मलेट), काळुंदरं (पर्लस्पॉट). हीच नेमकी हॉटेलच्या न्याहारीची वेळ, तेव्हा पोहे डब्यात भरून घ्या. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणात नवख्यांनी जाऊ नये: ओढ इतकी असते की 40 ग्रॅमचं शिसंही तळाला ठरत नाही आणि गरी पालापाचोळा गोळा करत फिरते. एकादशीला उलटं चित्र. भरती सकाळी सव्वासातच्या आसपास, आणि पाणी उतरू लागलं की पहिला तासभर छोट्या ओहोळांच्या तोंडाशी मासा उभा असतो, कारण आतली कोळंबी तिथूनच बाहेर पडते. पाणी थांबलेलं असताना मात्र चहा प्या.

महिने म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसात नदी गढूळ आणि गोडी होते, खाडीचा मासा तोंडाकडे सरकतो.

जागा संगमापासून आत, नेरूरपार पुलाच्या दिशेनं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथं धार काठ खाते, तिथं पाणी खोल असतं. कालवं चिकटलेल्या खडकांपासून दोन-तीन मीटर अलीकडे नांगर टाका. कालवाची कड तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, ब्लेडसारखी कापते.

सामान थोडंच लागतं. हातगरीसाठी 0.50 मिमीची तंगूस 40 मीटर, लाकडी फळीवर गुंडाळलेली. रॉड असेल तर सात फुटी, 3000 ते 4000 नंबरचं रीळ, 0.35 ची तंगूस. मधे भोक असलेलं 20 ते 30 ग्रॅमचं शिसं मुख्य दोऱ्यात मोकळं ओवायचं, खाली एक मणी, मग स्विव्हल (गोल फिरणारी कडी), मग 40-50 सेंटीमीटरची वेगळी तंगूस आणि तिला गरी. शिसं मोकळं ठेवायचं कारण मासा आमिष घेऊन निघाला की दोरा शिशातून सरकतो, वजन त्याला जाणवत नाही. शिसं घट्ट बांधलं की शंकेखोर मासा थुंकून मोकळा. काळुंदरासाठी 6 नंबरची बारीक गरी, तांबोशीसाठी 1/0 किंवा 2/0.

गाठ: गरीच्या डोळ्यातून टोक काढा, मुख्य दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत, मग त्याच मोठ्या फासातून. ओढण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी ओढली की घासून तंगूस तापते, कमकुवत होते, आणि मोठा मासा लागला की तिथंच तुटते.

आमिष म्हणजे कोळंबी. जिवंत मिळाली तर डोक्यावरच्या करवतीखालून, आतल्या काळ्या ठिपक्याच्या पुढून गरी घाला. ठिपक्याला लागली की ती तिथंच मेली. मेलेली असेल तर कागदात गुंडाळून बर्फावर ठेवा. बर्फाच्या पाण्यात भिजली की पिठूळ होते आणि पहिल्याच फेकीत गरीवरून गळते. काळुंदराचं तोंड लहान, त्याला सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा किंवा गांडूळ.

आता दोघांचं. नांगर नाळीकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, टाकलेला असतो, दोन्ही दोरे पाण्याबरोबर मागे जातात. नाळीकडच्यानं जड शिसं लावावं, मागच्यानं हलकं. उलटं केलंत तर नाळीकडचा हलका दोरा वाहत मागच्याच्या दोऱ्यात शिरतो, आणि तो गुंता सोडवताना संसाराची खरी परीक्षा होते. एकाला लागला की दुसऱ्यानं आपला दोरा लगेच गुंडाळावा आणि दांड्याची जाळी पाण्यात धरावी. मासा जाळीवर आणायचा, जाळी माशामागे पळवायची नाही. सूचना देण्याचा मोह दोघांनीही आवरावा.

काळुंदर टुकटुक करतं. पहिल्या टोच्याला हिसका देऊ नका, दोरा जड वाटला की द्या. तांबोशी एकच धक्का देते आणि मुळांकडे धावते. पहिले काही सेकंद ढील दिली की गेलीच. रिळाचा ड्रॅग (किती ओढीला दोरा सुटेल ते ठरवणारा ब्रेक) तंगुसीच्या ताकदीच्या चौथाई-तिहाईवर ठेवा. हातगरीचा दोरा बोटांभोवती कधीच गुंडाळू नका. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटावर चढवला की कापत नाही.

शिंगाळा लागला तर हात लावू नका. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात, करवती आणि विषारी. पक्कडीनं गरी काढा, जमत नसेल तर तंगूस कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, अर्धा ते दीड तास भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी असू द्या. तपमान आधी दुसऱ्यानं आपल्या हातावर बघावं, ठणक्यात चटका कळत नाही. केंड फुगून गमतीदार दिसतो, पण विषारी आहे. शिजवूनही विष जात नाही, मांजरालाही घालू नका.

लाईफ जॅकेट दोघांनीही घालायचं, पोहता येत असलं तरी. ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर उतरलात तर होडी जवळच ठेवा, कांदळवनाच्या चिखलात तर उतरूच नका.

तळव्याहून लहान काळुंदर सोडा, तेही हात ओले करून, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. काठाजवळ उथळ पाण्यात दोन काळुंदरं एकाच जागी घुटमळताना दिसली तर तिथं गरी टाकूच नका: नर-मादी मिळून अंडी-पिल्लं राखत असतात, एक उचललं की बाकी मासे पिल्लांवर तुटून पडतात. ठेवायचा मासा लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, मग बर्फात. घरगुती खानावळीत द्यायचा असेल तर साडेबाराच्या आत द्या. काळुंदराचे खवले कडक, साफ करायला वेळ लागतो, आणि तांबोशीचं डोकं तिखल्यासाठी (माशाच्या झणझणीत मालवणी कालवणासाठी) वेगळं ठेवायला सांगा.