उकळीचा चहा आणि बिनउकळीचं कस्टर्ड

मसाला चहाच्या स्वादाचं कस्टर्ड करायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, चहा येतो, कस्टर्ड येतं, दोन्ही एकत्र आणलं की झालं. कृती कागदावर उतरवायला घेतली तेव्हा पेच कळला. मसाला चहाला खळखळून उकळी लागते, नाहीतर आलं आणि दालचिनी नुसती हजेरी लावून जातात. अंड्याच्या कस्टर्डला मात्र उकळी अजिबात चालत नाही. नुसता बलक ६५ ते ७० अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो. दूध आणि साखरेत मिसळला की ही मर्यादा वर सरकते आणि साधारण ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान कस्टर्ड जमतं. त्यापुढे गेलं की अंड्यातली प्रथिनं आक्रसतात, पाणी सोडतात आणि मिश्रण दाणेदार होऊन फाटतं.

म्हणून मी एकच नियम ठरवला: उकळण्याची सगळी कामं अंडं फोडायच्या आधी उरकायची.

कस्टर्डच्या तयार पिवळ्या पावडरीचा विचार मनात आला नाही असं नाही. ती सोपी आहे, पण ती मुळात मक्याच्या पिठाची. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञानं ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. तिचा स्वभाव बरोबर उलटा असतो: नीट उकळल्याशिवाय ती दाटत नाही आणि कच्च्या पिठाची चव राहते. मला बलकाचा तो लोण्यासारखा मऊपणा हवा होता, म्हणून पावडर बाजूला ठेवली. दोन्ही एकत्र करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बलकात स्टार्च तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. अशा मिश्रणाला उकळी दिली नाही, तर रात्री घट्ट वाटलेलं कस्टर्ड सकाळी पातळ झालेलं दिसतं. पीठ सोबत असेल तर बलकाला उकळी सोसते, एकट्या बलकाला नाही.

चार छोट्या वाट्यांसाठी मी घेतलं ते असं: क्रीम २५० मिली, दूध २०० मिली, बलक ४, साखर ६० ग्रॅम, चहा पावडर दोन मोठे चमचे, पेरभर आलं, दालचिनीचा बोटभर तुकडा, ६ वेलदोडे, ४-५ मिरे आणि लवंगा फक्त २. लवंगेच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. गरम चहात ती मागे राहते, पण गार कस्टर्डमध्ये इतर वास दबले की तीच एकटी बोलत बसते. बडीशेप मी घातली नाही. तिच्यामुळे या पदार्थाला मुखवासाची चव येते असं माझं मत आहे.

आल्यापासून सुरुवात केली. कच्च्या आल्यात दुधाची प्रथिनं तोडणारं विकर असतं. दक्षिण चीनमध्ये याच गुणाचा उपयोग करून गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि ते अंड्याशिवाय जमवतात. आपल्याला इथे ते नको आहे. चहात आलं घालताच दूध फाटलं, असा अनुभव अनेकांनी घेतलेला असतोच. म्हणून ठेचलेलं आलं, दालचिनी, मिरे आणि लवंगा अर्धी वाटी पाण्यात पाच-सात मिनिटं चांगल्या उकळल्या. उकळीनं ते विकर निकामी होतं. पाणी जवळजवळ आटत आलं तेव्हा दूध आणि क्रीम ओतून आच मंद केली. मसाल्यांतली सुगंधी तेलं पाण्यापेक्षा स्निग्धांशात जास्त चांगली उतरतात, त्यामुळे क्रीममध्ये त्यांना थोडा वेळ मिळायला हवा. दहा मिनिटं पुरली, अधूनमधून ढवळत आणि साय न धरू देता.

चहासाठी मी सीटीसी, म्हणजे नेहमीची बारीक दाण्याची चहा पावडर घेतली. लांब पानांचा नाजूक चहा क्रीमच्या स्निग्धतेखाली गुदमरतो. इथे रंग आणि तुरटपणा दोन्ही दणकट हवेत. पण दणकट म्हणजे जास्त वेळ उकळलेला नव्हे. चहा वाढवायचा असेल तर पावडर वाढवावी, वेळ नाही. दोन मिनिटं उकळून गॅस बंद केला, वेलदोडे सालासकट कुटून आत टाकले आणि झाकण ठेवलं. वेलदोड्याचा वास उडून जाणारा, त्याला शेवटीच आणायचं. चार मिनिटांनी गाळलं, आधी नेहमीच्या गाळण्यानं आणि मग मलमलच्या फडक्यातून, कारण चहाची पूड कस्टर्डमध्ये जिभेवर वाळूसारखी लागते. गाळताना चोथा चमच्यानं दाबायचा मोह होतो. दाबला नाही, त्यातून कडवटपणाच जास्त उतरतो.

आता माप. चहा पावडर बरंच दूध पिऊन बसते, वर थोडं आटतं, त्यामुळे सुरुवातीचे ४५० मिली शेवटी किती उरतील याचा भरवसा नसतो. गाळलेला चहा मापाच्या पेल्यात घेतला आणि दूध घालून बरोबर ४०० मिली केला. चार बलकांना एवढं द्रव मला योग्य वाटतं; कमी असेल तर कस्टर्डला अंड्याचा वास येतो, फार जास्त असेल तर ते जमत नाही.

चहा कोमट होईपर्यंत बलक आणि साखर एकत्र केली. साखर बलकावर घालून तशीच ठेवायची नाही, ती बलकातलं पाणी ओढून घेते आणि कडक गाठी होतात. लगेच फेटायचं, पण फेस काढायचा नाही, नाहीतर वरचा भाग बुडबुड्यांनी जाळीदार होतो. मग चहाची बारीक धार आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळणं. चव पाहिली तेव्हा गोडी जरा जास्त वाटली. ती तशीच ठेवली, कारण गार पदार्थात गोडी कमी जाणवते. पुन्हा एकदा गाळलं, वरचा फेस चमच्याने काढला आणि वाट्यांत भरलं.

भाजायला गरम पाण्यात ठेवायचं, कारण पाणी कितीही तापलं तरी १०० अंशांच्या पुढे जात नाही आणि वाटीच्या कडा वाचतात. खोलगट ट्रेच्या तळाशी फडकं घातलं, वाट्या ठेवल्या, निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी ओतलं आणि १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं. पंचवीस मिनिटांनंतर दर थोड्या वेळाने वाटी हलवून पाहत राहिले. घड्याळापेक्षा हीच खूण खरी: कडा स्थिर आणि मध्यभागी रुपयाएवढा भाग थरथरतोय, की बाहेर. मध्यभागही घट्ट दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता काम करत राहते. वाट्या पाण्यातून लगेच उचलल्या.

ओव्हन नसेल तर पातेल्यात वाफवूनही होतं. वाट्यांवर फॉइल, झाकणाला फडकं बांधलेलं, म्हणजे वाफेचे थेंब वर पडत नाहीत, आणि झाकण किंचित तिरकं. खालचं पाणी खदखदू द्यायचं नाही. जोरदार वाफेत कस्टर्डला छिद्रं पडतात. चव तीच राहते, फक्त वरचा पृष्ठभाग थोडा ओलसर दिसतो.

फ्रीजमध्ये किमान चार तास ठेवावं. पहिल्या तासात चाखलं तर चहा तुरट लागतो आणि दालचिनी वेगळी लागते. रात्रभरात सगळं एकमेकांत मुरतं. वर जाळलेल्या साखरेचा काचेसारखा थर द्यायचा का, यावर घरात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, चहाचा तुरटपणा आणि वर जळक्या साखरेचा कडवटपणा, म्हणजे कडूवर कडू. मला तो थर हवाच होता, मऊ कस्टर्डला काहीतरी कुरकुरीत लागतं म्हणून. टॉर्च नसल्यानं कोरड्या कढईत साखर तांबूस होईपर्यंत वितळवली आणि पातळ थर ओतला. हा थर खायच्या अर्धा तास आधीच द्यावा, हवेतला आणि कस्टर्डचा ओलावा शोषून तो नंतर चिकट होतो. साखरेचा थर न दिलेल्या वाट्या झाकून दोन दिवस छान राहिल्या. उरलेले चार पांढरे डबीत घालून फ्रीझरमध्ये टाकले आहेत, त्यांचं काय करायचं ते अजून ठरायचंय.